चित्रात न मावलेल्या रखमाबाई

२२ नोव्हेंबर २०१७ हा बुधवार होता. त्या दिवशी भारतात ज्यांनी ज्यांनी संगणकावर किंवा मोबाइलवर गूगलचे पान उघडले, त्यांना रोजच्या रंगीत अक्षरांच्या जागी एक चित्र दिसले. साडीतली एक शांत चेहऱ्याची बाई, गळ्यात स्टेथोस्कोप, भोवती रुग्णालय, परिचारिका आणि स्त्री-रुग्ण. चित्र श्रेया गुप्ता या चित्रकर्तीने काढले होते. चित्रावर बोट ठेवले की नाव समजत होते: रखमाबाई राऊत. निमित्त होते त्यांच्या एकशे त्रेपन्नाव्या जन्मदिवसाचे. कोणाला रेल्वेचे वेळापत्रक पाहायचे होते, कोणाला उकडीच्या मोदकांची कृती हवी होती, कोणाला निकाल. त्या घाईतल्या लक्षावधी माणसांच्या वाटेवर ही बाई दिवसभर उभी राहिली आणि मध्यरात्रीनंतर निघून गेली.

या चित्रांना डूडल म्हणतात. फोनवर बोलता बोलता किंवा कंटाळवाण्या सभेत आपण कागदाच्या कोपऱ्यात ज्या रेघोट्या ओढतो, त्यांचे हे नाव. त्यांचा जन्मही तसाच गमतीत झाला. ऑगस्ट १९९८ मध्ये, कंपनी रीतसर नोंदवली जाण्याच्या आधीच, तिचे दोघे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे नेवाडाच्या वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ नावाच्या मेळ्याला निघाले. आपण जागेवर नाही हे लोकांना कळावे म्हणून त्यांनी नावातल्या दुसऱ्या ‘ओ’च्या मागे त्या मेळ्याची खूण असलेला काडीमाणूस उभा केला. दुकानदार दाराला पाटी लावून जेवायला जातो, त्यातलाच हा प्रकार. पुढे २००० साली तिथे उमेदवारी करणाऱ्या डेनिस ह्वांग या तरुणाने फ्रान्सच्या बॅस्टिल दिनासाठी चित्र काढले, ते आवडले, आणि हे काम त्याच्या गळ्यात पडले. आता त्यासाठी चित्रकार आणि अभियंते यांचा वेगळा विभाग आहे आणि चित्रांची संख्या कधीच पाच हजारांच्या पुढे गेली आहे.

आपल्या घरांत हे काम पूर्वीपासून भिंतीवरचे कॅलेंडर करीत आले आहे. तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत जयंती आणि पुण्यतिथी छापलेल्या असतात. फरक एवढाच, की कॅलेंडरात ज्यांची नावे येतात ते आपल्याला आधीच ठाऊक असतात. डूडल पुष्कळदा ठाऊक नसलेल्या माणसाला आपल्यासमोर आणून उभे करते. शिवाय आपल्याला शंभर, सव्वाशे, दीडशे असे भरगच्च आकडे लागतात. एकशे त्रेपन्न या आकड्याला आपण मांडवही घातला नसता.

त्या एकाच आठवड्यात गूगलच्या पानावर महाराष्ट्राशी नाते असलेली तीन माणसे येऊन गेली. १५ नोव्हेंबरला नाशिकला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉर्नेलिया सोराबजी, १८ तारखेला व्ही. शांताराम आणि २२ तारखेला रखमाबाई. शांतारामबापूंचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावलेले लग्न मान्य करायला साफ नकार देणारी त्यातली नीरा पाहून प्रेक्षक हादरले होते. ज्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला तिचे नाव ‘न पटणारी गोष्ट’. पडद्यावरच्या नीरेच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, मुंबईच्या उच्च न्यायालयात, एका खऱ्या मुलीने तोच नकार दिला होता. चार दिवसांच्या अंतराने तीच मुलगी त्याच पानावर आली, ती डॉक्टर म्हणून. खटल्याचा उल्लेख चित्रात कुठे नव्हता.

मी हयातभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही धंद्यांनी मला एक सवय लावली: कागदावर दिसते त्याच्या मागे काय आहे, ते पाहावे. रखमाबाईंच्या या चित्रामागचे आयुष्य वाचकांसमोर ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

रखमाचा जन्म मुंबईचा, २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी ही मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. आजच्या हिशोबाने पाहिले तर अकरावी-बारावीतली मुलगी. त्यांच्या सुतार समाजात विधवेला दुसरे लग्न करण्याची मोकळीक होती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत या विधुर गृहस्थांशी लग्न केले. त्याआधी नवऱ्याची मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावे करून दिली. ही नोंद वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे प्रतिपक्षाचा सगळा रोख तिच्यावर आला.

डॉ. सखाराम अर्जुन हे मोठे गृहस्थ. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, औषधी वनस्पतींचे जाणकार. १८८३ साली मुंबईत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली, तेव्हा आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसे होती: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे. घरात पुस्तके होती, पाहुणे म्हणून सुधारक येत होते. पण त्या घरातही काळाचे वारे सगळीकडून आत शिरले नव्हते. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, गरीब. ठरले असे, की त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि मार्गाला लागावे.

दादाजी शिकला नाही. विशीतल्या तरुणाला लहान मुलांच्या वर्गात बसणे जड गेले असेल, हे समजण्यासारखे आहे. तो त्या घरातून निघाला आणि नारायण धर्माजी या आपल्या मामाकडे जाऊन राहिला. प्रकृती ढासळली, कर्ज झाले. इकडे मुलगी वयात आली, तरी डॉक्टर सावत्र बापाने तिला सासरी धाडायला नकार दिला. इतक्या कोवळ्या वयात संसार लादणे शरीराला घातक आहे, हे त्यांना वैद्यकाने शिकवले होते. रखमा माहेरीच राहिली, घरी बसून शिकली, मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके आणून वाचू लागली. अशी आठ-नऊ वर्षे गेली. जिच्याशी लग्न झाले ती बाहुल्या खेळणारी पोर होती. जिला न्यायला दादाजी आला ती स्वतःचे मत असलेली एकोणीस वर्षांची तरुणी होती.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्र पाठवले: माझी बायको माझ्याकडे पाठवा. नकार आल्यावर त्याने उच्च न्यायालयात दावा लावला. ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ हा तो खटला. कायद्याच्या भाषेत त्याला वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना म्हणतात. रखमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे: समज येण्याआधी, माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मी बंधनकारक मानत नाही, हा माणूस मला पोसू शकत नाही, आजारी आहे, आणि तो ज्या घरात राहतो तिथले वातावरण मला मान्य नाही. त्या काळच्या मराठी मुलीने हे मनात म्हणणेसुद्धा मोठे होते. या मुलीने ते कोर्टात म्हटले.

याच सुमारास, १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच सहीने दोन इंग्रजी पत्रे छापून आली. पहिले बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. लग्नाने मुलाचे शिक्षण थांबत नाही, मुलीचे मात्र तिथेच संपते, हा त्यातला मुद्दा आजही वाचताना बोचतो. बेहरामजी मलबारींनी आदल्याच वर्षी याच दोन विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून रान उठवले होते. पण ते पुरुष होते आणि पारशी होते. हे लिहिणारी ते भोगणारी होती. ती कोण, हे लोकांना पुढे समजले. दुसरे पत्र छापून आले १९ सप्टेंबरला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ रोजी, खटल्याचा निकाल लागला. ज्यांच्या आधाराने ही मुलगी उभी होती ते सखाराम अर्जुन त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जे कधी सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करणार? हे दोघे एक दिवसही एकत्र नांदलेले नाहीत. शिवाय एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा पुरुषाच्या हवाली करणे हे त्यांना रानटीपणाचे वाटले. मग अपील झाले. सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये ठरवले, की हिंदू लग्न विधीने पूर्ण होते, पुढे नांदले की नाही हा प्रश्न येत नाही. खटला पुन्हा खाली आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जाण्याची तयारी ठेवावी.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी कळवली.

इथे क्षणभर थांबून तारखा पाहण्यासारख्या आहेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या, अवघ्या एकवीस वर्षांच्या. सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर सहाव्या दिवशी मुंबईत हा निकाल लागला. दोघींच्या वयात चार महिन्यांचे अंतर. दोघींची लग्ने लहानपणी झालेली. एकीला नवऱ्याने शिकण्यासाठी सातासमुद्रापार पाठवले, दुसरीला नवऱ्याने कोर्टात ओढले. आनंदीबाईंची दखल गूगलने ३१ मार्च २०१८ रोजी घेतली, तीही एकशे त्रेपन्नाव्या जन्मदिवशी. शाळेच्या पुस्तकांतून आणि चरित्रांतून आनंदीबाई आपल्या घरच्या झाल्या. रखमाबाई झाल्या नाहीत. मला त्याचे कारण उघड दिसते. आनंदीबाईंच्या गोष्टीत डोळे पुसता येतात. रखमाबाईंच्या गोष्टीत बाजू घ्यावी लागते.

तेव्हा साऱ्या मुंबई-पुण्याला बाजू घ्यावी लागली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग रखमाबाईंच्या वकिलांत होते. मलबारी आणि इतरांनी मिळून बचाव समिती केली. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळक होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी रखमाबाईंवर कडाडून टीका केली. परक्या सरकारने आणि त्याच्या न्यायालयांनी आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपल्या पायांनी करावी, ही त्यांची भूमिका होती. स्वराज्याच्या झगड्यात त्या भूमिकेला वजन होते, हे नाकारता येत नाही. पण यात एक चमत्कारिक गोष्ट दडलेली होती. बायकोला हुकमाने घरी आणण्याचा हा दावा मुळात इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला होता. नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला सहा महिने कैद, ही शिक्षा इंग्रजांच्या दिवाणी कायद्याची होती. खुद्द इंग्लंडने अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणे १८८४ सालीच बंद केले होते. तिकडे मोडीत निघालेले हत्यार इकडे धर्मरक्षणासाठी परजले जात होते.

दादाजीने आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली. तिचा रोख असा, की मालमत्ता हातून जाऊ नये म्हणून मुलीची आई आणि आजोबा तिला फूस लावत आहेत. वीस-बावीस वर्षांच्या बाईला स्वतःचे मत असू शकते, हे कोणाच्या हिशोबातच नव्हते. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून मुद्देसूद उत्तर दिले.

प्रकरण मिटले कसे, याविषयी एक दंतकथा फिरते. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून निकाल फिरवला आणि लग्न मोडले, असे इंटरनेटवर ठिकठिकाणी वाचायला मिळते. डूडल पाहून ज्यांनी रखमाबाईंचे नाव शोधले, त्यांतल्या अनेकांच्या हाती हीच गोष्ट लागली असणार. ती ऐकायला छान वाटते. राणी, न्याय आणि शेवट गोड. प्रत्यक्षात शेवट पैशांत झाला. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. बँकेच्या भाषेत ज्याला पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणतात, तीच ही. अशा तडजोडीच्या फायली मी पुष्कळ हाताळल्या आहेत. त्यांत कोण बरोबर आणि कोण चूक ते लिहायचे नसते, येणे-देणे संपले एवढेच लिहायचे असते. रखमाबाईंनाही न्यायालयाने बरोबर ठरवले नाही. त्यांच्याविरुद्धचा हुकूम कागदावर तसाच राहिला. बजावणारा बाजूला झाला, इतकेच. लग्नही कायद्याने मोडले नव्हते. दादाजीला दुसरी बायको करण्याची मुभा होती. रखमाबाईंना दुसरा नवरा करण्याची नव्हती.

पुढच्या वर्षी, १८८९ मध्ये, त्या इंग्लंडला निघाल्या. वय चोवीस-पंचवीस. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना वैद्यकाकडे वळवले आणि पैसे उभे करायला मदत केली. या पेचीबाई स्वतः एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात मुलींपैकी एक. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले. तिकडे ईव्हा मॅक्लॅरन या स्त्री-मताधिकाराच्या कार्यकर्तीने त्यांना आधार दिला. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या आणि १८९४ पर्यंत परीक्षा पुऱ्या करून डॉक्टर झाल्या. त्या तिकडे असताना इथे संमतिवयाचा वाद पेटला होता. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने प्राणाला मुकली, आणि १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा झाले. रखमाबाईंच्या खटल्याने लोकांना या विषयावर मोठ्याने बोलायला आधीच भाग पाडले होते.

परत आल्यावर थोडा काळ त्यांनी कामा रुग्णालयात काम केले आणि १८९५ मध्ये सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून गेल्या. त्यांना देशातली पहिली व्यवसाय करणारी स्त्री-डॉक्टर म्हणण्याचा प्रघात आहे. तो मान खरे तर त्यांच्या आधी काम सुरू केलेल्या कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली यांच्याकडे जातो. कादंबिनींचेही डूडल १८ जुलै २०२१ रोजी झाले. पहिली-दुसरीचा हा हिशोब आपल्याला फार प्रिय असतो. रखमाबाईंच्या कामाला त्याची गरज नाही. सुरतेत वीसहून अधिक वर्षे आणि पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात दहा-बारा वर्षे, मिळून पस्तीस वर्षांच्या आसपास त्यांनी रोज सकाळी दवाखान्याचे दार उघडले. १९१८ च्या सुमारास सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे आले होते. ते नाकारून त्या राजकोटला गेल्या. पुरुष डॉक्टरने नाडी पाहणेही जिथे घरच्यांना चालत नसे, तिथे बाई डॉक्टर असणे म्हणजे कित्येकींच्या बाबतीत जगणे आणि मरणे यांतला फरक होता. ज्या वयात त्यांच्या आईने त्यांना जन्म दिला होता, त्या वयाच्या किती मुली बाळंतपणासाठी त्यांच्या टेबलावर आल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

चित्रकर्तीने नेमकी हीच वर्षे निवडली. खटला चार वर्षांचा, सेवा पस्तीस वर्षांची. माणसाचे चित्र काढायचे तर त्याने आयुष्यभर केले ते काढावे. लोकांनी त्याच्यावर आणले ते कशाला? रखमाबाईंनी स्वतःही नंतरच्या आयुष्यात त्या खटल्याचे भांडवल केले नाही. म्हणून चित्राविषयी माझी तक्रार नाही. मला कुतूहल वाटते ते त्या चित्राखाली आलेल्या आडनावाचे.

बँकेत खाते उघडण्याच्या अर्जावर एक रकाना असे: वडिलांचे किंवा पतीचे नाव. काउंटरवर येणाऱ्या कितीतरी बायका तिथे अडखळत. नवऱ्याने टाकलेली असे, नवऱ्याला सोडून आलेली असे, वडिलांचे नाव लावावे तर त्या घरातही जागा उरलेली नसे. रकाना रिकामा ठेवून चालत नसे. रखमाबाई त्या काउंटरवर आल्या असत्या तर त्यांनी काय लिहिले असते? जनार्दन पांडुरंग, ज्यांचा चेहराही त्यांना आठवत नसणार? सखाराम अर्जुन राऊत, ज्यांनी सांभाळले? की दादाजी भिकाजी, ज्याच्या नावाला जोडूनच कायद्याच्या पुस्तकांत त्यांचे नाव कायमचे छापले गेले? गूगलने राऊत लिहिले. त्या स्वतः डॉक्टर रखमाबाई एवढ्या दोन शब्दांनी ओळखल्या गेल्या. त्यांतला एक शब्द त्यांना जन्मासोबत मिळाला होता, दुसरा त्यांनी मिळवला होता.

आणि तरीही १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. माझ्यातल्या कादंबरीकाराला ही गोष्ट सर्वांत जास्त छळते. ज्याच्या घरी पाऊल टाकण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी पांढरे नेसायचे? कोणी म्हणेल संस्कार सुटत नाहीत. कोणी म्हणेल सुरतेतल्या सनातनी घरांत बाळंतिणीपर्यंत पोहोचायचे तर लोकांना न खुपणारा वेश बरा. कोणी म्हणेल एका आजारी, कर्जबाजारी, वाया गेलेल्या माणसाविषयीची ती करुणा असेल. मी यांतले एकही उत्तर निवडत नाही. कोर्टात तीन-चार वर्षे त्यांच्या मनाचा पंचनामा सगळ्यांनी केला. एवढी एक गोष्ट त्यांच्यापाशी राहू द्यावी.

१९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. त्याआधी पडदा पद्धत का संपली पाहिजे यावर त्यांनी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे लेखणी पुरती खाली ठेवलेली नव्हती. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झालेले त्यांनी पाहिले. स्वातंत्र्य पाहिले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षे पुरी झालेली असताना, त्यांनी देह ठेवला.

त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला, एका पत्नीच्या हयातीत दुसरी करणे गुन्हा ठरले. सत्तर वर्षांपूर्वी हा कायदा असता तर दोन हजार रुपये मोजावे लागले नसते. पण त्याच कायद्याचे नववे कलम उघडून पाहिले की आपण दचकतो. वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. दादाजीचा तोच दावा, स्वतंत्र भारताच्या कायद्यात. आता तो पती आणि पत्नी दोघांनाही लावता येतो, आणि तुरुंगाची शिक्षा फार पूर्वीच गेली. हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. त्याला घर मोडू नये म्हणून दिलेली समेटाची संधी म्हणणारे आहेत, आणि काही घरांत त्याचा तसा उपयोग झालाही असेल. पण पोटगीचा अर्ज केलेल्या बायकोला उत्तर म्हणून नवऱ्याने नववे कलम लावल्याची उदाहरणे आपल्या ओळखीपाळखीत शोधायला लांब जावे लागत नाही.

म्हणून वाटते, एका दिवसाच्या त्या चित्राने आपले काम केले. एका विसरलेल्या बाईचा चेहरा त्याने घराघरांत नेला. उरलेले काम चित्राचे नाही. सावित्रीबाई, आनंदीबाई, रखमाबाई यांची डूडल आता जुन्या चित्रांच्या संग्रहात आहेत आणि मुले ती शाळेच्या प्रकल्पासाठी काढून चिकटवतात. मूल विचारते, ही कोण? आपण सांगतो, मोठी डॉक्टर होती. हे खरे आहे आणि तेवढ्यावर थांबणे सोयीचेही आहे. मुलगी थोडी मोठी असेल तर पुढचेही सांगावे. डॉक्टर होण्याआधी या बाईने न्यायाधीशांच्या हुकमाला नकार कळवला होता, मोठमोठी माणसे तिच्या विरोधात होती, आणि ज्या कलमाखाली तिला कोर्टात उभे केले ते कलम अजून पुस्तकात आहे. मुलगा असेल तर त्याला आधी सांगावे.